जाड तेल

ताई : तो डबा खाली ठेव.

धाकटा : तेलच आहे गं, विष नाही.

ताई : या इंजिनात ते जाणार नाही. जुन्या, भरपूर पळालेल्या इंजिनाला चालतं ते तेल मी काढून ठेवलंय. तेच घालायचं.

धाकटा : ते पातळ आहे.

ताई : हवं तेवढंच पातळ आहे.

धाकटा : आणि गाडी गरम झाली की खालून टकटक सुरू. हे जाड घातलं, वरून ही आवाज दाबायच्या औषधाची बाटली ओतली, की कशी मांजरासारखी गुरगुरेल बघ. मी बाजारात विचारून आलोय.

ताई : सख्ख्या बहिणीचं गॅरेज असताना बाजारात विचारलंस?

धाकटा : सख्खी बहीण ऐकून घेत नाही म्हणून.

ताई : ऐकतेय ना. टकटक तेलाची नाही, बेअरिंग झिजलंय. जाड तेलानं आवाज दबेल, झीज थांबणार नाही. एखाद्या दिवशी चढावर इंजिन जागच्या जागी जाम होऊन बसेल.

धाकटा : एखाद्या दिवशी. आज तर नाही ना?

ताई : आत कोण बसलेलं असेल तेव्हा?

धाकटा : झालं तुझं सुरू. परवा मला जहाजावर चढायचंय, ताई. सात महिने समुद्रावर. ही गाडी दारात कुजत ठेवून जाऊ? बायको चालवत नाही, जागा भाड्याची. घरमालक रोज तोंड वाजवतो.

ताई : मग खरं सांगून विक.

धाकटा : खरं सांगितलं तर भंगारवाला घेईल. लोक जुनी गाडी घेतात तेव्हा त्यांना काय माहीत नसतं? आपण खोटं बोलतच नाही. त्यांनी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही.

ताई : घ्यायला कोण येतंय?

धाकटा : आहेत एक बाई.

ताई : कोण बाई? वर बघून सांग.

धाकटा : नर्सबाई. आईकडे यायच्या त्या.

ताई : आईची जखम धुवायला रोज चालत यायची ती? आता तिला डोंगरापलीकडची गावं दिलीत. तिथं चिटपाखरू नसतं रस्त्याला. आणि तिच्या गळ्यात तू ही बांधणार?

धाकटा : मी बोलावलं नाही त्यांना. त्याच म्हणाल्या, गाडी तुमच्या ताईच्या हाताखालची असेल तर मला दुसरी बघायची नाही.

ताई : म्हणजे विकतोयस तू, आणि जामीन मी.

धाकटा : तू फक्त गप्प राहा. एवढंच मागतोय.

ताई : डबा दे इकडे.

धाकटा : सोड, ताई. सांडेल. हात सोड म्हणतो ना.

(दारात नर्सबाई उभ्या. डब्यावर दोघांचेही हात.)

नर्सबाई : लवकर आले का मी? भांडताय वाटतं.

धाकटा : नाही हो, या ना. तेल बदलायचंय आता. तुमच्यासाठीच.

नर्सबाई : बरं झालं बाई. मला यातलं ओ की ठो कळत नाही. परवा एकानं दाखवली गाडी, नुसता चकाचक रंग दिलेला. मी म्हटलं, रंग बघून पेशंट नाही तपासत आम्ही. ताई, तुम्ही बघितलीत ना ही?

ताई : बघितलीय.

नर्सबाई : मग झालं माझं. तुमच्या आई म्हणायच्या, पोरगी तोंडानं फटकळ आहे, पण हिच्या हातून गेलेली गाडी परत दुरुस्तीला येत नाही. सारखं तेच. ड्रेसिंग करताना दुखलं की तुमच्या दोघांच्याच गोष्टी सांगायच्या. चालवून बघू का जरा?

धाकटा : बघा ना. थंड आहे तोवर... म्हणजे, आत्ताच बघा.

नर्सबाई : किती शांत चालू झाली. ऐकूसुद्धा येत नाही. घेऊन जाते एक चक्कर, या गल्लीतून त्या गल्लीत.

धाकटा : हो. नाही, थांबा.

नर्सबाई : काय झालं?

धाकटा : बंद करू नका, चालूच राहू द्या. पण बाहेर नेऊ नका. गरम होऊ द्या आधी.

नर्सबाई : का हो?

धाकटा : गरम झाली की आवाज येतो. खालून. तो ऐका, मग ठरवा.

नर्सबाई : ताई, हे काय म्हणतात?

ताई : खरं म्हणतोय.

(थोड्या वेळानं इंजिन गरम होतं.)

नर्सबाई : हा का तो? टक टक?

धाकटा : तोच. बेअरिंग गेलंय. डोंगरात नेऊ नका ही.

नर्सबाई : मग तुम्ही तेल कसलं घालणार होतात?

धाकटा : हा आवाज ऐकू येणार नाही, असलं.

नर्सबाई : असं. बरं. येते मी. बस मिळेल अजून.

ताई : नर्सबाई, थांबा, मी सोडते.

नर्सबाई : नको. जाईन मी.

धाकटा : गेल्या.

ताई : हं.

धाकटा : तुझंही नाव घालवलं मी.

ताई : ते बघू नंतर. गाडी बंद कर आधी, कशाला घासत ठेवलीयस.

धाकटा : ताई, बेअरिंग बदलायचं म्हणजे इंजिन उतरवावं लागेल?

ताई : हो. तू जायच्या आत होणार नाही.

धाकटा : नाही झालं तर नाही. चावी तुझ्याकडे ठेव. नीट झाली की आधी त्यांना दाखव.