तिघांतला आमचा कोणता

ऋता : हे तिन्ही दगड तुम्ही मोरोक्कोत एकाच दुकानातून घेतलेत?

निशिकांत : दोन घेतले. एक मी इथूनच नेला होता.

ऋता : नेला होता? दादा, लोक त्या वाळवंटातल्या बाजारातून जीवाश्म घेऊन येतात. इथून तिकडे दगड नेणारे तुम्ही पहिलेच.

निशिकांत : दगड नाही हो, देव आहे. आमच्या घरातला शाळिग्राम. म्हणजे या तिघांतला एक. कोणता, तेच कळेनासं झालंय. म्हणून तर शनिवारी दुपारी तुम्हाला त्रास दिला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, पाया लेबार भागात ऋता म्हणून आहेत, पुण्यात भूशास्त्र शिकल्यात, असलं काही असेल तर त्यांना विचारा.

ऋता : शिकले होते खरी. आता समोरच्या इमारतीत इन्शुरन्सची आकडेमोड करते. आणि मला अहो-जाहो नका करू, निदान पंधरा वर्षांनी लहान आहे मी तुमच्याहून. सहा वर्षांत मला इथे कोणी एक दगड दाखवला नाही. तुमचा मेसेज आला आणि भिंग शोधण्यात माझी अख्खी सकाळ गेली. थांबा, हा ट्रे बाजूला सारते. जागा धरल्याची खूण म्हणून टिश्यूचं पाकीट मात्र राहू दे तिथेच, नाहीतर कोणी येऊन बसेल.

निशिकांत : हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांच्या गर्दीत देव मांडायचा म्हणजे कसंतरी वाटतं. समोर भाजलेली बदकं टांगलीत.

ऋता : आधी देव कोण ते तर ठरू दे. मग सोवळं पाळू.

निशिकांत : थांब, रुमाल घालतो खाली. धुतलेला आहे. हं, आता ठेवतो. दीड वाजायच्या आत झालं तर बरं होईल.

ऋता : दीडला काय आहे?

निशिकांत : आईचा फोन. तिकडे पुण्यात अकरा. दर शनिवारी व्हिडिओ लावते आणि म्हणते, दाखव. मला नाही, त्याला. मंगळवारी परत आलो मी. आज तिला काहीतरी दाखवावं लागणार.

ऋता : पण मला एक सांगा, देव प्रवासाला न्यायचाच कशाला?

निशिकांत : शाळिग्राम घरात असला की रोज अंघोळ, रोज नैवेद्य. एक दिवस उपाशी ठेवायचा नाही. कंपनीने कासाब्लांकाला पाठवलं होतं. रजा वाया चालली होती, म्हटलं चार दिवस वाळवंट बघून येऊ. सगळे मिळून नऊ दिवस होत होते.

ऋता : मग कोणाकडे तरी ठेवायचा. आपली इतकी माणसं आहेत इथे.

निशिकांत : कोणाकडे?

ऋता : कोणीही. शेजारी, मित्र...

निशिकांत : तेच विचारतोय, कोणाकडे? फोनमधली सगळी नावं मी वरपासून खालपर्यंत बघितली. दातांचा डॉक्टर आहे, एसीवाला आहे. कंपनीच्या बसमध्ये चौदा वर्षं एकाच सीटवर बसून जुरोंग आयलंडला जातो. शेजारच्याचं आडनाव तान, एवढंच ठाऊक आहे. माझ्या देवाला नऊ दिवस भात दाखवाल का, हे कोणाला विचारू?

ऋता : मला विचारायचं.

निशिकांत : तेव्हा तू माहीत नव्हतीस.

ऋता : हं. बरं, मग काय झालं? देव घेऊन निघालात.

निशिकांत : पितळेच्या डबीत, कापसावर ठेवून. चांगी विमानतळावर सिक्युरिटीवाल्या मुलीने विचारलं, व्हॉट इज दिस. मी म्हटलं, फॅमिली. ती हसली आणि जाऊ दिलं. तिकडे हॉटेलच्या बेसिनमध्ये अंघोळ, खजुराचा नैवेद्य. सगळं सुरळीत चाललं होतं. मग ते एर्फूद नावाचं गाव लागलं.

ऋता : एर्फूद! तुम्ही एर्फूदला गेलात? अहो, आम्ही पुस्तकात वाचायचो हो ते नाव. कसं आहे?

निशिकांत : धूळ आहे. लाल. आणि सगळीकडे जीवाश्म. रस्त्याच्या कडेला, तेलाच्या डब्यांवर, जमिनीवर पोती पसरून. एका दुकानात शिरलो तर परातीच्या पराती भरलेल्या. काळे, गुळगुळीत, आत चक्र. ऋता, दुकानभर शाळिग्राम गं. माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे एकेका घरात एक, तोही वाडवडिलांपासून जपलेला. आणि इथे किलोवर.

ऋता : आणि तुम्ही डबी उघडलीत.

निशिकांत : उघडली. मला वाटलं, ह्यालाही दाखवावं. नऊ वर्षं माझ्या घरात एकटा बसलेला, आणि इथे सगळे याचे भाऊबंद. हस्सन म्हणून दुकानदार होता, त्याला म्हटलं, हा माझ्या घरचा. त्याने हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, म्हणाला, गुड पीस. आणि नक्षी उठून दिसावी म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवला. तिथे तशीच पद्धत आहे, गिऱ्हाइकाला दगड ओला करून दाखवायची. मग आणखी पाचसहा बुडवले त्याच बादलीत.

ऋता : अरे देवा.

निशिकांत : मला बरं वाटलं त्या वेळी. म्हटलं, अंघोळ झाली. मी दोन पसंत केले, त्याने तीन पुड्या बांधून दिल्या. संध्याकाळी हॉटेलवर सोडल्या तर तिन्ही सारखे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी होती. मला वाटलं, चांगल्या उजेडात ओळखू येईल.

ऋता : मग आल्यापासून काय करताय?

निशिकांत : तिघांचीही पूजा करतोय. यातला एक तर आमचा आहे. बाकीचे दोन पाहुणे.

ऋता : बरं. आता मी बघते आणि सरळ सांगते. चालेल? हा पहिला. भिंगातून तुम्हीच बघा. ही रेघ दिसते? वर-खाली, वर-खाली, लहान मुलं डोंगर काढतात तशी.

निशिकांत : दिसते.

ऋता : हा तुमचा नाही. हा फार जुना प्राणी आहे. शाळिग्रामही जीवाश्मच, त्यातल्या गोगलगायीसारख्या प्राण्याचा हा खापरपणजोबा म्हणा. दोघांत वीसेक कोटी वर्षांचं अंतर. ही सरळसोट नागमोडी रेघ तिकडच्या दगडांत असते. शाळिग्रामात रेघ असलीच तर पानाच्या शिरांसारखी असते, खूप फाटे फुटलेली. आणि हा दुसरा... हाही तसलाच. खात्रीला लिंबू पिळू का एक थेंब? तिकडचे दगड चुनखडीचे, शाळिग्राम तसा नसतो. चुनखडी असेल तर बुडबुडे येतील.

निशिकांत : देवावर लिंबू?

ऋता : पंचामृतात दही चालतं ना?

निशिकांत : पीळ. माझ्या उसाच्या रसातलं घे. ...आले.

ऋता : आले. बारीक आहेत, पण आले. हे दोघे पाहुणे.

निशिकांत : म्हणजे हा तिसरा! मी सांगत होतो ना! ऋता, मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. हातात घेतला की हाच ओळखीचा लागतो. वजन तेच आहे. उरलेल्या दोघांना मी उगाच... चला. सुटलो बाबा. तुला काय आणू खायला?

ऋता : थांबा जरा. मी हा बघितला नाही अजून.

निशिकांत : आता काय बघायचं? दोन गेले, राहिला तो आमचा.

ऋता : तुमच्या शाळिग्रामाला बोट लावलं तर काय लागायचं? आठवून सांगा.

निशिकांत : खाचा. चक्राला फासळ्या होत्या, त्यांच्या मधल्या खाचा. चंदन अडकून बसायचं त्यांत. रविवारी जुन्या टूथब्रशने काढायचो.

ऋता : म्हणजे चंदन राहिलेलं असणार. नऊ वर्षांचं, त्याआधीचं तुमच्या आईचं. इतकी वर्षं मुरलेलं सगळं निघत नाही. इथे... इथे पिवळं काहीतरी आहे खरं.

निशिकांत : आहे ना?

ऋता : खाचेत आहे. दादा, हे चंदनच आहे!

निशिकांत : ...ऋता, ते मी लावलेलं असेल. मंगळवारपासून तिघांनाही लावतोय.

ऋता : अच्छा.

निशिकांत : सांगून टाक. चेहऱ्यावरून कळतंय मला.

ऋता : या खाचा बघा. सगळ्या एका खोलीच्या, एका रुंदीच्या. खऱ्या प्राण्याच्या आत बारीक आणि बाहेर रुंद होत जातात. आणि चक्राच्या मध्यभागी हे गोल भोक, हे ड्रिलचं आहे. साधा काळा दगड घेऊन त्यावर कोरलंय. वर पॉलिश. बाजारात गिऱ्हाइकांसाठी करतात असे. सॉरी.

निशिकांत : म्हणजे तो जीवाश्मसुद्धा नाही.

ऋता : नाही.

निशिकांत : आणि मला तोच ओळखीचा वाटत होता.

ऋता : बादलीतून काढताना हस्सनची गफलत झाली असेल. फसवायचं म्हणून केलं असं नाही मला वाटत.

निशिकांत : त्याला कशाला दोष देऊ? त्याने एकदा बघितला होता. मी नऊ वर्षं रोज हातात घेतला. फोनवर स्तोत्र लावायचं, डोळे घड्याळाकडे, पाणी घालायचं, पुसायचं, बस गाठायची. एकदा नीट बघितला असता तर! अगं, माणसाला अंधारात स्वतःच्या घराची किल्ली कळते.

ऋता : तुम्ही एकटेच असता घरी?

निशिकांत : नीता आणि मी वेगळे झालो त्याला साडेनऊ वर्षं झाली. मुलगा, अनीश, तिच्याकडे, मेलबर्नला. त्याच सुमारास आई पुण्याजवळ तळेगावच्या वृद्धाश्रमात राहायला गेली. तिथे खोलीत देव्हारा ठेवायला जागा नाही म्हणाली, म्हणून हा माझ्याकडे आला. खरं सांगू? मला तेव्हा वैताग आला होता. म्हटलं, माझं मला करवत नाही, त्यात हा. पण मग काय झालं, नैवेद्य लागतो म्हणून रोज भात लावायला लागलो. साडेपाचला सगळे बिअर प्यायला निघायचे, मी म्हणायचो, नको, घरी वाट बघतायत. ऑफिसात अर्ध्या लोकांना वाटतं माझं मोठं कुटुंब आहे.

ऋता : दादा...

निशिकांत : आला. तिचाच फोन.

ऋता : हा तिसरा दाखवा. फोनवर काही कळत नाही. लांबून धरा, लगेच ठेवा. मी काही बोलणार नाही.

निशिकांत : हो. तसंच करतो.

(तो फोन घेऊन उसाच्या रसाच्या ग्लासाला टेकवतो.)

आई : निशू, दिसतोयस रे. कुठे बसलायस? केवढा गलका तो.

निशिकांत : बाहेर आलोय आई, जेवायला. ही ऋता. पुण्याचीच आहे.

ऋता : नमस्कार, काकू.

आई : नमस्कार गं बाई. बरं झालं, कोणीतरी बरोबर दिसलं याच्या. प्रवास झाला का नीट? देवाचे हाल नाही ना केलेस? बघू, दाखव.

निशिकांत : हा बघ.

आई : चंदन छान लावलंयस. जरा जवळ आण की. कॅटॅरॅक्ट काढल्यापासून मला आता सगळं स्वच्छ दिसतं.

निशिकांत : नेटवर्क बरं नाही इथे.

आई : असू दे. आज नैवेद्याला काय केलंस?

निशिकांत : भात... आई, भात केला होता. वरण. आई, हा तो नाही.

आई : काय म्हणालास?

निशिकांत : हा आपला नाही. माझ्याकडून हरवला. तिकडे बाजारात बाकीच्या दगडांत मिसळला, आणि मला ओळखता आला नाही. आत्ता या मुलीने तपासून सांगितलं. तू पंचावन्न वर्षं सांभाळलास आणि मी... मला माफ कर.

ऋता : काकू, ऐकू येतंय ना तुम्हाला?

आई : येतंय गं. कुठे राहिला म्हणालास?

निशिकांत : मोरोक्कोत. वाळवंटात एक गाव आहे. एका दुकानात.

आई : ते दुकान म्हणजे नुसतं दुकान? की माणसं राहतात तिथे?

निशिकांत : राहतात. मागेच घर आहे त्याचं. बायको, चार मुलं, दोन भाऊ. म्हातारी आई दाराशी बसून सगळ्यांना चहा ओतत होती. मलाही दिला तिने. पोरं दगडांत खेळत होती. का गं?

आई : काही नाही. पाण्याचा हात लागतो ना त्याला?

निशिकांत : दिवसातून दहा वेळा. गिऱ्हाईक आलं की बुडवतात बादलीत.

आई : मग राहू दे तिथेच. रडू नकोस बाबा, लोकांत बसलायस. भरलं घर आहे, लेकरं आहेत, त्याचं काही वाईट झालं नाही. तुझ्याकडे दिवसभर कुलपात एकटा असायचा बिचारा.

निशिकांत : मी पण असायचो, आई.

आई : माहीत आहे मला. म्हणून तर पाठवला होता त्याला.