दुसऱ्या बाजूचा हुंदका

पाहुणी : काका, ही रेकॉर्ड थांबवता का जरा?

ग्रंथपाल : एवढ्यात? अहो, आत्ता कुठे सॅक्सोफोन शिरतोय. तुमच्या वडिलांचा पहिला सूर आहे हा.

बायको : थांबवा म्हणतेय ना ती. घाबरली असेल बिचारी. मी लग्न होऊन आले तेव्हा मीही घाबरले होते. मला वाटलं, वरच्या मजल्यावर कोणीतरी लोखंडी कपाट ओढतंय. विचारायला गेले वर. तर त्या बाई म्हणाल्या, आम्हालाही तेच विचारायचं होतं.

ग्रंथपाल : झालं. आता हसवू नकोस त्यांना. गंभीर काम आहे.

बायको : हसू दे की. अगंबाई, पण कसं हसतेस गं तू! उचक्या लागल्यासारखं.

पाहुणी : बाबांचं हसू आहे हे, काकू. वारशात दुसरं काही मिळालं नाही. दवाखान्यात तोंडावर मास्क असतो म्हणून बरं. दाताच्या डॉक्टरला असं हसताना पाहिलं तर पेशंट खुर्चीतून उठून पळेल.

ग्रंथपाल : बरं, ऐका. मी काही फार जाणकार नाही, पण कामाचं तेवढं सांगतो. ही नमुन्याची प्रत कंपनीने पाठवली आहे. आपण दोघांनी ऐकायची आणि आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा. वारस म्हणून तुमचा, आणि मूळ रेकॉर्ड माझी म्हणून माझा. उद्या ते छापायला घेणार. मुक्त जॅझची रेकॉर्ड पुन्हा निघणं म्हणजे... काय सांगू. मी तर आशा सोडली होती.

बायको : कुठली सोडली होती? जगातल्या सगळ्या कंपन्यांना पत्रं जायची. आमच्या मुलीच्या लग्नाला एवढी पत्रं गेली नाहीत.

पाहुणी : माहीत आहे, काकू. काकांनी ती बंद पडलेल्या रेडिओ केंद्राच्या भंगारातून उचलली नसती, तर आज काहीच उरलं नसतं. आमच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा आमच्या सगळ्या प्रती गेल्या. मी तर ही रेकॉर्ड जन्मात ऐकली नव्हती. म्हणून बोलायला जीभ रेटत नाहीये.

ग्रंथपाल : बोला ना. छपाईत काही दोष आहे का? खरखर जास्त आहे?

पाहुणी : हे बाबा नाहीत.

ग्रंथपाल : म्हणजे?

पाहुणी : म्हणजे असतील. पण मला ते सापडत नाहीयेत.

ग्रंथपाल : असं होतं. घरातला माणूस वेगळा आणि कलावंत वेगळा. हे संगीतच असं आहे की त्यात ठेका नाही, चाल नाही. ओळखीचं काही धरायला जावं तर हाती लागत नाही.

पाहुणी : काका, मी त्यांना वाजवताना ऐकलंय. लहान होते, पण ऐकलंय. त्यांना एका जागी बसवत नसे. उभ्याने जेवायचे, एक पायरी सोडून जिना चढायचे. बोलताना एक शब्द दुसऱ्याच्या अंगावर पडायचा. वाजवायला लागले की आई म्हणायची, अहो, कोण लागलंय पाठीमागे? आणि हे कसं, गुडघे दुखणाऱ्या माणसाने वाजवल्यासारखं.

ग्रंथपाल : पण संथपणा हाच तर या रेकॉर्डचा प्राण आहे. मी माझ्या लेखात तेच म्हटलंय, की या माणसाला कुठेही पोचायची घाई नाही. तो लेख आता वेष्टनावर मागच्या बाजूला छापणार आहेत. तुम्ही वाचला असेल.

पाहुणी : वाचला. आईला तर पाठ आहे.

ग्रंथपाल : खरंच? त्यांना आवडला?

पाहुणी : वाचला त्या दिवशी ती जेवली नाही.

बायको : अगं, का?

पाहुणी : काकांनी लिहिलंय, दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, वाद्यं थांबल्यावर, एक हुंदका ऐकू येतो. ज्याला घरात कोणी ऐकून घेतलं नाही, अशा माणसाचा हुंदका.

ग्रंथपाल : हो, पण ते...

पाहुणी : आई विचारते, एवढं होतं त्यांच्या पोटात, आणि मी शेजारीच झोपत होते ना? मग मला कसं कळलं नाही? काय उत्तर देणार मी? आता ऐंशी ओलांडली तिने. डोळे गेलेत, पण तेवढं वाक्य ती मला अधूनमधून म्हणून दाखवते.

ग्रंथपाल : 'घरात' हा शब्द मी... खरं सांगू का, तो वाक्य नीट बसावं म्हणून आला. मला तुमच्या घरातलं काय ठाऊक असणार?

बायको : मग लिहायचा कशाला?

ग्रंथपाल : तू थांब गं जरा.

पाहुणी : मी भांडायला नाही आले, काका. मला फक्त तो हुंदका ऐकायचा आहे. नमुना नको. तुमची मूळ रेकॉर्ड लावा.

(रेकॉर्डची दुसरी बाजू शेवटाजवळ लावली जाते. वाद्यं थांबतात, मग एक जड, तुटक आवाज.)

ग्रंथपाल : हा. ऐकलात?

पाहुणी : पुन्हा लावा.

ग्रंथपाल : पुन्हा पुन्हा नका ऐकू. त्रास होईल.

पाहुणी : मी दिवसभर कण्हणंच ऐकते, काका. तो माझा धंदा आहे. दुखणारा माणूस श्वास आत घेताना अडकतो. हा बाहेर सोडताना अडकतोय. हे दुखणं नाही.

बायको : मी एक बोलू? तुम्ही ओरडणार नसाल तर.

ग्रंथपाल : बोल.

बायको : ते वेगाचं बटण फिरवून बघा.

ग्रंथपाल : काहीतरीच. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांचा वेग छोट्या रेकॉर्डसाठी असतो. मोठी रेकॉर्ड तेहतीसवरच लावायची. सगळं जग तेच करतं.

पाहुणी : रेकॉर्डवर लिहिलेलं नाही का?

ग्रंथपाल : नाही. तुमच्या वडिलांनी ती घरगुतीच काढली होती. मधला कागद कोरा आहे, नुसता त्यांच्या नावाचा शिक्का. कंपनीच्या माणसानेही विचारलं होतं, वेगाची खात्री आहे ना? मी म्हटलं, अहो, अर्धं आयुष्य ऐकतोय.

बायको : तुम्हाला आठवत नसेल. एकदा मी धूळ पुसत होते आणि फडकं त्या बटणाला लागलं. मग मी घड्या घालायला बसले आणि तुमचीच ठेवलेली रेकॉर्ड चालू केली. ही होती. पहिल्यांदा वाटलं, अरे, हा माणूस काय मजेत आहे! कपड्यांचा ढीग कधी संपला कळलं नाही. तेवढ्यात तुम्ही बाथरूममधून साबणासकट बाहेर. 'बंद कर, चुकीच्या वेगावर लावलीस, तुला कळत नाही तर हात लावू नकोस.'

ग्रंथपाल : मी असं म्हणालो?

बायको : जमिनीवर फेस सांडला होता. तोही मीच पुसला.

पाहुणी : काका, फिरवा ना.

ग्रंथपाल : थांबा, सुई उचलतो आधी. बटण तूच फिरव.

बायको : मी? बरं. बघा हं, मग म्हणाल हात लावला.

पाहुणी : हे... हे धावताहेत ते. काकू, हे धावताहेत! असेच जिना चढायचे!

बायको : गप, गप. शेवट येतोय. ऐक.

पाहुणी : अं?

बायको : अगं, हे तर मगाशी तू हसलीस तसं! उचक्या!

पाहुणी : हसताहेत. बाबा हसताहेत, काका.

ग्रंथपाल : हो.

पाहुणी : आणि तुम्ही...

ग्रंथपाल : हो. मी त्यावर पानभर लिहिलं.

बायको : पाणी देऊ का तुला? घे. रड हवं तेवढं. आता रडायला हरकत नाही.

ग्रंथपाल : मी काय म्हणतो, या संगीतात तसा ठरलेला वेग नसतो. दोन्ही वेगांवर त्याला आपापला अर्थ आहे. माझ्या लेखामुळे संथ रूप जगभरच्या संग्राहकांना माहीत झालंय. ते त्यावर प्रेम करतात. तेव्हा आत एक छोटी चिठ्ठी घातली की, ज्यांना हवं त्यांनी वेगात लावून पाहावं...

बायको : दूध नासलं तर ग्राहकाला सांगणार का, की याचं पनीर करा?

ग्रंथपाल : आता इतक्या उशिरा छपाई थांबवायची म्हणजे...

पाहुणी : काका, मी आईला कुठली लावून दाखवू?

बायको : बोला की. कुठली लावायची?

ग्रंथपाल : आधी ही सुई जरा पुसून घेतो.

बायको : अहो, लाज नाही वाटत?

ग्रंथपाल : वाटते ना! वाटते म्हणूनच तर फोन उचलवत नाही. माझ्या लेखाचे परभाषांत तर्जुमे झालेत. तो दाढीवाला समीक्षक, सगळ्यांच्या चुका काढणारा, त्यानेसुद्धा मला लिहिलं होतं की अशी तल्लीनता पाहिली नाही. त्याला काय सांगू? बटण चुकलं? आयुष्यभर ग्रंथालयात दुसऱ्यांच्या पुस्तकांत शुद्धिपत्रं चिकटवली मी. वाटायचं, हे लोक छापण्याआधी वाचत कसे नाहीत.

पाहुणी : तुम्ही ती भंगारातून उचललीत, काका. ते काही चुकीच्या वेगाने नाही केलंत.

ग्रंथपाल : असं चांगलं नका बोलू माझ्याशी. त्याने जास्त लाज वाटते.

बायको : नंबर लावून दिलाय. धरा.

ग्रंथपाल : हॅलो. हो, मीच. नमुना मिळाला, ऐकला. नाही, खरखर नाही. थांबवा. छपाई थांबवा. वेग चुकलाय. तुमचा नाही, माझा. पंचेचाळीस. शेवटी तो हुंदका नाही, हसणं आहे. हो, खात्री आहे. नाही, तेव्हाही होती, पण आता त्यांची मुलगी समोर बसली आहे. हो, खर्च वाढेल, समजतं मला. आणि माझा लेख काढून टाका. सगळा. नाही हो, दुरुस्ती करून भागणार नाही. दुसरा? नाही, दुसराही नाही देता येणार. कारण... कारण मी ही रेकॉर्ड अजून ऐकलेली नाही. नाही, थट्टा नाही करत. ठेवतो.

बायको : झालं?

ग्रंथपाल : झालं. तो म्हणाला, तुमच्या लेखामुळेच तर ती काढायला घेतली होती आम्ही.

पाहुणी : आणि आता? काढणार ना?

ग्रंथपाल : काढणार. म्हणाला, आधी ते हसणं मला ऐकवा. उद्या तोच यायचा आहे इथे, मूळ रेकॉर्ड पुन्हा उतरवून घ्यायला. तुमच्या आईंना आणता येईल का? त्यांची माफी मी इथे, या रेकॉर्डसमोर बसून मागतो.

पाहुणी : तिला माफी नको असेल, काका. ती आधी सुई हसण्याच्या जागी नेऊन ठेवायला लावेल. पण तोवर, पहिल्या बाजूपासून सुई ठेवू का? तुम्ही बसा.

बायको : थांब गं. मी हात पुसून येते, सुई मी ठेवते.