गिटारीची शिंगं

नगरच्या एसटी स्टँडावर लंकाबाई पारनेरच्या गाडीची वाट बघत होती, पण तिचे कान शेजारच्या दोघांकडे लागले होते. बँडपार्टीचा मालक भिमाजी आणि त्याचा पुतण्या छगन भिंगारच्या दुकानात विजेवरच्या दोन जुन्या गिटारी, एक लाल न् एक काळी, बघून आले होते, आणि कुठली घ्यायची यावरून त्यांची जुंपली होती.

“तात्या, लालच घ्या. कशी आरशावानी चकाकतीया!”

“तिच्यात त्वांड बघून भांग पाडायचाय का वाजवायचीय?”

“वरातीत लोकं आदी बघत्यात, मंग ऐकत्यात.”

“तिचं एक शिंग लांब, एक आखूड. आसलं जनावर बाजारात कुनी इचारीत न्हाई.”

“शिंग न्हाई त्ये, तात्या, गिटारीचं टोक हाय! काळीचंबी तसंच हाय.”

“आसू दे. मी काळी घेनार.”

“आवं, तिचा रंग उडालाय! हात फिरतो तिथं पार लाकूड दिसतंय.”

“बैलाच्या मानंवर घट्टा कशानं पडतो?”

“जू वढून.”

“मंग? काळी राबलेली हाय. तुजी लाल नुसती दावनीला उभी ऱ्हायलीया. इतक्या वर्सांत तिला कुनी हात का लावला नसंल?”

लंकाबाईला राहवेना. “खरं हाय बाबा,” ती म्हणाली.

“बरं, उद्या काळीच आनतो,” छगन म्हणाला.

“आन. येताना लाल रंग न् बेगड घिऊन ये. लग्नसराईच्या आत शिंगं रंगवून घिऊ. तशी बोडकी वरातीत काढली, तर लोकं काय म्हनतील?”