सहा रविवार फोन एंगेज

"सून न बोलणारी मिळाली म्हणून मी खूश होते, पण हिचं तर अख्खं माहेरच न बोलणारं निघालं! दिवाळी पंधरा दिवसांवर आली, दिवाळसणाचं बोलावणं नाही की साधी चौकशी नाही... बिल्कुल ठंडे लोक!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं बरं का. सासूबाई ते खाली चौकात बसून, दुधी किसता किसता मामंजींना सांगत होत्या. पण काशीतली जुनी घरं तुम्ही पाहिलीत ना? मधोमध चौक, चौकाच्या डोक्यावर लोखंडी जाळी, आणि खाली कुणी कितीही हळू बोललं तरी वरच्या मजल्यावर ते जसंच्या तसं पोचतं. आणि वरच्या मजल्यावर त्या रविवारी कोण बसलेलं होतं? मी. कम्प्युटरपुढे. आणि काय करत होते? सुदानमधल्या उपाशी माणसांसाठी जगाला जागं करत होते! मनात आलं, जाळीला तोंड लावून खाली ओरडावं, की सासूबाई, माझी आई बोलावतेय हो, दर रविवारी बोलावतेय, पण तुमच्या घरात...

मी काही बोलले नाही.

आता तुम्ही विचाराल, कुठे सुदान, कुठे रामघाट? तुम्हाला सांगते, याच्या मुळाशी एक पंचा आहे. आमचे मामंजी म्हणजे नीलकंठराव, चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, रोज पहाटे रामघाटावर स्नान करून पायरीवर ऊन खात बसतात. बसले होते, आणि कुणीतरी गोऱ्याने त्यांचा फोटो काढला. काढू दे! घाटावर बसलेल्या माणसाचा फोटो निघतोच, त्यात नवल नाही. पण यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, मे महिन्यात आमचं लग्न झालं आणि जुलैत बँकेतल्या मित्राकडून कम्प्युटर घेऊन घरात इंटरनेट लावलं, आणि हौसेने 'बनारस' शब्द शोधायला गेले तर काय? पडद्यावर हळूहळू, वरून खाली, आधी कपाळ, मग गंध, मग नाक... करत करत मामंजी उघडे झाले! आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं: काशीतला एक दरिद्री वृद्ध.

"दरिद्री?" मामंजींचा आवाज दुर्गाघाटापर्यंत गेला असेल. "अरे, दोन पोरं शिकवली, मकान राखलं, पेन्शन घेतो, आणि मी दरिद्री?"

"बाबा, पंचा फाटका दिसतोय ना, म्हणून..."

"फाटका नाही, जुना आहे! फरक आहे की नाही काही?"

दोन दिवस ते जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून ॲटलास काढून आणला, जुना, ज्यात रशिया अजून अखंड होता, आणि म्हणाले, "यांना आमची गरिबी दिसते काय? मग जगात खरी गरिबी कुठे आहे, लढाया कुठे आहेत, माणसं कशी मरताहेत, ते मी दाखवतो. आपलं पान काढायचं इंटरनेटवर. जगाला जागं करायचं!" आणि मग घरभर फिरत फिरत त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली, कारण स्थळ बघताना माझ्या आईने अभिमानाने सांगितलेलं होतं, की पोरीने कम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स केलाय. "बेटा देवश्री, तुला टाइप येतं ना?"

नाही म्हणता आलं असतं का? नव्या सुनेला? मी काही बोलले नाही.

मग सुरू झालं. मामंजी मराठीत सांगणार, मध्येच हिंदीत शिरणार, मी इंग्रजीत टाइप करणार. "लिही. सुदान. क्षेत्रफळ. सीमा. पर्जन्यमान. मुख्य पिके." म्हटलं, मामंजी, उपाशी माणसं कुठे आलीत यात? मनात म्हटलं हो. ती आली शेवटी, तिसऱ्या परिच्छेदात, पर्जन्यमानानंतर. आणि सगळ्यात खाली स्वाध्याय! "सुदानमधील दुष्काळास पर्जन्य जबाबदार आहे की युद्ध? सकारण लिहा. गुण चार." जगाला जागं करून लगेच परीक्षेला बसवायचं, असा बेत.

पण तुम्हाला सांगते, हसू नका त्यांना. वर्तमानपत्रातला एक फोटो होता, हाडं दिसणाऱ्या पोराचा, तो ॲटलासात ठेवलेला असायचा, आणि ते पान उघडलं की मामंजी चष्मा पुसायचे. खोटं नव्हतं त्यात काही. पितृपक्षात तर त्यांनी वेणीमाधवकाकांना बोलावून घेतलं. काका म्हणजे आमच्या गल्लीतले, घाटावर श्राद्धं सांगणारे.

"वेणीमाधव, लढाईत गेलेल्यांसाठी तर्पण करायचंय."

"करू या की. आपले कोण गेले?"

"आपले नाहीत. सुदानातले."

काका पोथी गुंडाळत म्हणाले, "गोत्र?"

"ते कसं कळणार?"

"माहीत नसेल तर काश्यप लावतात. पण नीलकंठराव, हे किती जण?"

"लाखभर असतील."

"मग एकत्रच उरकू," काका म्हणाले. आणि तुम्हाला सांगते, त्या सकाळी गंगेत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मामंजींनी अख्ख्या सुदानला काश्यप गोत्रात घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्यांच्या. घरी आल्यावर मला म्हणाले, "माणूस कुठलाही असो बेटा, कुणीतरी आठवण काढायला पाहिजे त्याची. तुझ्या आईचं गाव कुठलं ते... अमरावती ना?"

अकोला. माझ्या आईचं गाव अकोला. भूगोलाच्या मास्तरांना सुदानच्या नद्या पाठ, आणि लग्नापासून आजवर माझं माहेर अमरावती!

मी काही बोलले नाही.

आता मुख्य गोष्ट ऐका. इंटरनेट चालतं फोनच्या तारेवर. तारेला जोडलेल्या मोडेमच्या डब्यातून आधी किर्रर्र, मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं, मग दोन मांजरं भांडल्यासारखं, आणि मग शांत झालं की समजायचं, जग लागलं! पण जग लागलेलं असताना दुसरं कुणी लागत नाही. जो फोन करील त्याला एंगेज. आणि आमची जगजागृती कधी? रविवारी सकाळी आठ ते अकरा. का? तर मामंजींचा हिशेब, "त्या वेळी अमेरिकेत शनिवारची रात्र, माणसं निवांत, पानं बघतात."

आणि माझी आई मला फोन कधी करणार? रविवारी सकाळी आठ ते अकरा. कारण माहेरी फोन नाही, रविवारी एसटीडीचा दर अर्धा, पण तिथला बूथ त्या दिवशी अकराला बंद, आणि बाकीचे सहा दिवस तिची शाळा. शेजारच्या सीतामावशींकडे फोन आहे, पण त्याच्या डायलला कुलूप. आलेला घेता येतो, आपण लावायचा नाही.

आणि दिवाळसणाचं बोलावणं फोनवरच हवं. का? कारण लग्नाच्या पंगतीतच सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "आम्हाला चिठ्ठीबिठ्ठीने बोलावलेलं नाही हं चालत. विहिणीने विहिणीशी बोलायला पाहिजे." झालं! आईने ते मंत्रासारखं धरून ठेवलं.

पाचव्या रविवारच्या आधी तिचं आंतर्देशीय पत्र आलं मला. "गेले चार रविवार बूथवर उभी राहते, बाळ. चहासुद्धा न घेता जाते, की नंबर आधी लागावा. दर वेळी एंगेज. तुझ्या सासूबाई फोनवर फार बोलतात का गं?"

घ्या! आता हे पत्र मी कुणाला दाखवू? पहिल्या तीन ओळी दाखवण्यासारख्या, चौथी ओळ गिळून टाकण्यासारखी! आणि इकडे सासूबाई काय म्हणायच्या माहीत आहे? "हल्ली रविवारी घरात काय छान शांतता असते, फोन म्हणून वाजत नाही!"

तुम्ही म्हणाल, गल्लीच्या तोंडाशी बूथ आहे, तू कर की आईला फोन. आणि काय सांगू? 'आई, मला बोलाव गं'? शिवाय घरात फोन असताना नवी सून बूथवर उभी राहून माहेरी बोलते, ही बातमी मी घरी पोचायच्या आत घरी पोचली असती. रामघाटाच्या गल्ल्या किती अरुंद आहेत, तुम्हाला कल्पना नाही. मग म्हणाल, ह्यांना सांगायचं. सांगितलं ना! सुरुवात केली, "अहो, रविवारी जरा ते इंटरनेट..." तर हे म्हणाले, "हो ना! स्पीड फार कमी आहे." मी काही बोलले नाही.

बरं, जग तरी जागं होत होतं का? पानाच्या तळाशी एक आकडा असतो, किती जण येऊन बघून गेले त्याचा. मामंजी दर रविवारी आधी तो बघायचे. "एकशे चाळीस! मागच्या वेळी एकशे एकतीस होते! शार्दूल, अरे नऊ माणसं जागी झाली!" शार्दूल म्हणजे आमचे हे. आणि खरं काय ते मला ठाऊक. आपण स्वतः पान उघडलं तरी तो आकडा एकाने वाढतो. मामंजी दर रविवारी नऊ वेळा तरी उघडायचे, जग कितपत जागं झालं ते बघायला. एकशे चाळीस वेळा जागा झालेला माणूस एकच, आणि तो पहाटे चारला उठणारा! सांगावं त्यांना? त्या चेहऱ्याकडे बघून?

नाहीच बोलले.

पण त्या रविवारी, ते 'ठंडे लोक' ऐकलं ना, तेव्हा मात्र काहीतरी झालं मला. ठंडी, माझी आई? सकाळी चहा न घेता बूथवर उभी राहणारी? मी जग तसंच लटकत ठेवून उठले, कार्ड घेतलं आणि अकोल्याला कुशलला, माझ्या धाकट्या भावाला, चार ओळी लिहिल्या. त्याच्या कॉलेजात इंटरनेट आलंय. आमच्या पानाचा पत्ता दिला, आणि लिहिलं, "खाली पाहुण्यांची वही आहे. तीत कुणालाही लिहिता येतं." पोरगा हुशार आहे. जरा नाटकीही आहे, ते मी विसरले होते.

सहावा रविवार. आठ वाजता मांजरं भांडली, जग लागलं. मामंजी आकडा बघून घेतात न घेतात तोच ओरडले, "वहीत कुणीतरी लिहिलंय! शार्दूल! अहो, वर या!" सासूबाई हाताला बेसन तसंच ठेवून वर आल्या. हे दाढीचा साबण तसाच ठेवून आले. "वाच बेटा, मराठीत सांग, यांना कळू दे."

मी वाचलं. "गेले सहा आठवडे आमचा संपर्क पूर्ण तुटलेला आहे."

"लढाई," मामंजी पुटपुटले. "तारा तोडतात आधी."

"एक आई दर रविवारी सकाळपासून उपाशीपोटी रांगेत उभी राहते."

"अगं बाई!" सासूबाई खालीच बसल्या. "उपाशी?"

"तिची मुलगी दूर देशी अडकलेली आहे. मुलगी जिवंत आहे की नाही, कुणी सांगत नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांनी कृपा करून मार्ग मोकळा करावा. वेळ फार थोडा आहे."

मामंजींनी चष्मा काढला. सासूबाईंनी बेसनाच्या हाताने डोळे पुसले. "काय माणसं असतात हो," त्या म्हणाल्या, "आईला लेकीशी बोलू देत नाहीत! नरकात जातील!" आणि मामंजी ॲटलास उघडून, पेन्सिल हातात घेऊन, "कुठला देश आहे? देश लिहिलाय का बेटा?"

काय करणार? विचारलं, तर सांगायला हवं. "अकोला," मी म्हटलं.

"आफ्रिकेतलं?"

"वऱ्हाडातलं. माझी आई आहे मामंजी. दिवाळसणाचं बोलावणं करायला सहा रविवार फोन लावतेय. तुम्ही इंटरनेट लावता, तिला एंगेज लागतो."

तुम्हाला सांगते, लग्नापासून एका दमात एवढं मी पहिल्यांदाच बोलले. डबा तेवढा बारीक आवाजात गुणगुणत होता. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "मग... एखादी चिठ्ठी टाकायची की त्यांनी!"

हे त्यांच्याकडे बघायला लागले. मी नाही बघितलं.

मामंजींनी मात्र ॲटलास मिटला. मग म्हणाले, "चूक झाली बेटा. मोठी चूक झाली. आत्ताच्या आत्ता लाव फोन आईला. त्या शेजारणीकडे, बूथवर असल्या तर बोलावून आणतील. अमरावतीला... अकोल्याला! लाव." मी उठले, रिसीव्हर उचलून कानाला लावला, तर आत किर्रर्र! मागे वळून बघते तर मामंजींचा हात कम्प्युटरच्या उंदरावर. "हां, हां, लाव, एकच मिनिट... तेवढा आकडा बघून घेतो. खरा माणूस आलाय गं आज पानावर! एकशे एकोणपन्नास! बघ, जग जागं..."

"मामंजी," मी म्हटलं, "जगाला घटकाभर झोपू द्या. मला आईशी बोलायचंय."