अडुसष्ट मिलिमीटरचा दांडा

हॅलो?… हॅलो, नीरजाताई? मोठ्याने बोल गं, नावेत आहे, मोटर धडधडतेय… हो, रामनगरहूनच परततोय, मी आणि मालविका… रडत नाहीये गं, हसतेय!… सांगते, सांगते, ऐक ना!

…हो, झाली तिची स्पर्धा. पकडीचीच. दांडा धरून एका हाताने वजन उचलायचं, तीच… नाही नाही, गेल्या वर्षीसारखं नाही झालं!

…हो, तेव्हा हमसून रडली होती आपली धाकटी बहीण. रडेल नाहीतर काय? दांडा पन्नास मिलिमीटर जाड, आणि हिचा हात केवढासा! बांगडीवाला लहान मुलींचा डबा काढतो हिच्यासाठी. बोटं दांड्याभोवती अर्धीच जायची. ताकद असून उपयोग काय?

…तेच तर! म्हणून यंदा तिने महिनाभर आधी अर्ज दिला. कुस्तीत वजनाचे गट असतात, मग इथे हाताच्या मापाचे का नसावेत? लहान हातांना बारीक दांडा द्या… छे, कुठलं! संयोजक सिंहसाहेब म्हणाले, "मैडम, नियम सबके लिए एक है।"

…गप्प बसेल? मालविका? अगं, आज पिशवीतून दोन दांडे घेऊन आली, खरादवाल्याकडून लेथवर करवून. एक बारीक, अडतीसचा, आणि एक जाडजूड. अडुसष्ट मिलिमीटर!… थांब ना, तेच सांगतेय. ढुंढिराजकाका आठवतात? दूधविनायक मोहल्ल्यातले, पूजा सांगतात ते… हां, दारातून वाकून शिरणारे. तीन वर्षं तेच पहिले येतायत. ही सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी! म्हणाली, "काका, तुमचा हात एकवीस सेंटिमीटर, माझा साडेपंधरा. मला पन्नासचा दांडा जसा लागतो, तसा तुम्हाला हा लागेल. उचलून बघता?"

…सगळ्यांसमोर!

…उचलायला गेले ना! नेहमीचं ऐंशी किलो. हललंसुद्धा नाही. सत्तर केलं, बोटं घसरली. साठ केलं… सटकन हात वर, वजन खाली! मैदान नुसतं खिदळतंय. म्हटलं, आता हे चिडणार. तर स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले, आणि मग असे हसत सुटले, असे हसत सुटले… म्हणाले, "पोरी, तीन वर्षं मी जी ताकद म्हणून मिरवली, त्यात बोटांची लांबीही होती की!" आणि तसेच सिंहसाहेबांकडे. "इनकी बात मानिए, वरना हमारा नाम काट दीजिए।"

…मानलं, तिथल्या तिथे! पट्टी मागवली, सगळ्यांचे हात मोजले. बायकांमध्ये लहान हातांचा वेगळा गट, त्यांना अडतीसचा दांडा. पण अट घातली, गटात निदान चार नावं हवीत… आणि मुली तीनच! एवढं सगळं करून गट रद्द व्हायची पाळी. मालविकाचा चेहरा पांढराफटक. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि चौथं नाव लिहिलं… कुणाचं काय, माझं! माझा हातही तिच्याएवढाच ना!… हो, मी! न विचारता! मी पिशवी सांभाळायला गेलेली, साडी नेसून! खोचला पदर, करते काय?

…अगं, तिने बेचाळीस उचललं! गेल्या वर्षी पंचवीसलाच सुटलं होतं. सिंहसाहेब स्वतः टाळ्या वाजवत होते!

…नाही, दुसरी आली… वाईट कशाला वाटून घेतेस? ती इथे नावेत नाचतेय, नाववाला ओरडतोय… पहिली कोण? ताई… तू बसलीयेस ना?… पंचेचाळीस किलो… ताई, मी!

…शप्पथ! थट्टा नाही!… अगं, पंधरा वर्षं चकल्यांच्या ऑर्डरी घेतेय, सोऱ्या फिरवून फिरवून हात असा झालाय, मला तरी कुठे ठाऊक होतं? एवढ्या वर्षांत हे हात कुणी मोजलेतच कधी?… ए, तू का रडतेस आता?… मग मीही रडणार हं!

…नाही, घरी कुणालाच नाही सांगितलं, तुझाच फोन पहिला… भैया, धीरे, धीरे!… हो गं, पदक गळ्यातच आहे, पण हात… हात कामातूनच गेलाय, बोटं मिटतच नाहीयेत… मालविका, नाच पुरे, हा फोन धर! धर गं, धर! ताई, सुट—