खालून ऐकलेला पाऊस

— न्हाई न्हाई, वर जायचं न्हाई अजून, शिवप्पाभाऊ, आधी या खुर्चीवर टेका — सिंधु आत्ताच टेस्ट देऊन आली, जरा पडली असेल — आणि ही रिकामी बॅग कशाला, लॅपटॉप न्यायला? हाव, कळलं मला. इथं लातूरला खोली करून राहणाऱ्या पोरींचे बाप दोनदाच येतात, एकदा गादी घेऊन, एकदा राग घेऊन. गादी आणली तेव्हा किती गोड बोलत होता — अख्तरीबाई, पोरगी तुमच्या पदरात घातली! घातली ना? मग वर चढायच्या आधी मला विचारा की.

काय म्हणता, गेम खेळते? चुकलं तुमचं. खेळत न्हाई, बनवते — म्हणजे अख्खा न्हाई, परदेशातल्या कुठल्या तरी पोरांचा गेम हाय तो. एक माणूस समुद्राच्या तळाशी अडकलाय, एकटा. हवा पुरवून वापरायची, मासे धरायचे, कसाबसा जीव जगवायचा. आणि त्या पोरांनी सांगून ठेवलंय, ज्याला जे वाढवायचं ते वाढवा. हिनं काय वाढवलं? ऋतू! ऊन, वारा, पाऊस. मी पण हसलेच की. म्हटलं, अगं, समुद्राच्या तळाला कसला पावसाळा, भिजलेल्याला आणखी काय भिजवणार? लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं तेव्हा घागर धरून रांगेत उभी होते मी, आणि ही समुद्रात पाऊस पाडून राहिली! पण नाव सिंधु कुणी ठेवलं? तुम्हीच ना? मग भोगा. ती म्हणाली, खाला — मावशी न्हाई, मला खालाच म्हणते — वर वादळ झालं की खाली अंधारतं, नद्यांचा गाळ येतो, स्वतःचा हात दिसत न्हाई. उन्हाळ्यात मासे खोल जातात, मग माणसालाही मागं जावं लागतं, हवा पुरंल का न्हाई याचा घोर. तिकडचं कुणी म्हणालं, ऋतू चार पाहिजेत. ही म्हणाली, आमच्याकडं तीनच, घ्यायचे तर घ्या. घेतले त्यांनी! — हसलात, दिसलं मला, मिशीत हसलात. अहो, निलंग्यात बी-बियाण्याचं दुकान तुमचं, पाऊस लांबला की माशा मारत बसता, आणि घरच्या पोरीनं पाऊस पाडला तर तिच्यावरच डोळे वटारता?

मार्क कमी झाले — हाव, झाले, मी काय खोटं बोलू? डॉक्टर होईल का न्हाई, मला काय ठाऊक. पण या गेमच्या नादी लागली तेव्हापासून मेसचा डबा तरी रिकामा परत जायला लागला, न्हाई तर झाकणसुद्धा उघडायची न्हाई, तसाच भरलेला — काय? — न्हाई, म्हणजे — बोलून गेले बघा. अप्पांना सांगू नका म्हणाली होती. बसा. अहो बसा, आता उठून काय होणार, ते मागच्या उन्हाळ्यातलं. भिंतीकडं तोंड करून पडायची. मी डोक्याला तेल लावायची, लावू द्यायची, पण शब्द न्हाई. फोनवर तुम्हाला सगळं बरंय म्हणायची आणि फोन ठेवला की पुन्हा भिंत. मग एका दुपारी वरून हाक — खाला, ढग आला, ढग! मी वाळत घातलेल्या मिरच्या काढायला गच्चीवर पळाले. तर ढग कॉम्प्युटरात! एवढुसा, कापसाच्या बोंडाएवढा. माझ्यावर हसली ती. आणि त्या दिवशी माझ्या हातच्या दोन भाकरी खाल्ल्या.

मग पावसाचा आवाज आणला तिनं कुठून तरी. मी ऐकला आणि तोंडातून निघूनच गेलं — हा न्हाई गं. हा पत्र्याखाली बसून ऐकलेला पाऊस हाय. पार खाली असलं की असा ऐकू येत न्हाई. म्हणाली, तुम्हाला काय ठाऊक, खाला? — आता तुम्ही निलंग्याचे, भूकंप तुम्हाला मी काय सांगायचा. महिना महिना बाहेर झोपला असाल तुम्ही पण. आमचं गाव किल्लारीजवळ. ताहेर, आमचे मालक, गेले बिचारे, पण त्यांनासुद्धा मी हे कधी बोलले न्हाई, आणि त्या पोरीला सांगून बसले. दगडमातीच्या भिंतीखाली होते मी. वरून पाऊस लागला — तुम्हाला वर धो धो, पण खाली तसा न्हाई. खाली आधी आवाजच न्हाई, नुसता ओल्या मातीचा वास. मग लांब कुठं सुपात ज्वारी घोळवावी तसं — सर्रर्र — थांबतं — पुन्हा सर्रर्र. सिंधु उठली, खालून माझं सूप घेऊन आली. मी ज्वारी घोळवते आणि ही मोबाईल धरून रजईच्या आत, भर उकाड्यात! आतून म्हणते, खाला, हळू, पाऊस लई मोठा होऊन राहिला! हसून हसून ज्वारी सांडली सगळी. आता कुठले कुठले लोक माझ्या ज्वारीच्या पावसात बसतात. एकानं लिहिलं, हा पाऊस लागला की मी खेळत न्हाई, नुसता ऐकतो. तिनं मराठीत करून सांगितलं मला.

एक तेवढं तिला सांगितलं न्हाई. शेजारी अफसाना होती, धाकटी बहीण. दिसायची न्हाई, हात तेवढा लागायचा. पाणी मागून राहिली होती सारखी. आणि फटीतून थेंब यायला लागले — इतकं बरं वाटलं मला, शिवप्पाभाऊ, म्हटलं, अफसाना, पाणी आलं गं, तोंड उघड. म्हटलं, उघड ना तोंड. उघड की —

…

काय बघताय माझ्याकडं? जा आता. जा वर. आणि दार वाजवून आत जा — पोरगी हाय ती, कपाट न्हाई. आधी जेवलीस का विचारा. जा म्हटलं ना.