गोल चकतीवरचा टिळा

अर्जुनराव तुळशीराम ढोले, वय ५३ वर्षे, धंदा घड्याळ व मीटर दुरुस्ती, रा. तांदूळखेड, ता. नांदुरा, जि. बुलढाणा.

ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की, माझे शिक्षण नववी असले तरी मीटरचे काम मी पुस्तके वाचून स्वतः शिकलो आहे.

काल दुपारी ३.१० वा. इंजिन तापल्याने एक लहान विमान आमच्या शिवारातील अर्धवट झालेल्या नवीन रस्त्यावर उतरले. वैमानिक मंजुश्री मॅडम एकट्याच होत्या. मी मीटरवाला आहे हे कळल्यावर त्यांनी मला आतले मीटर दाखवले. उंचीचे दोन होते. मोठे बिघडल्यास लहान पाहायचे. मी विचारले, "दोन्ही संगच बिघडले त?" त्या म्हणाल्या, "मग हा लाल खटका ओढायचा, काका. मीटर आतली हवा घेतात." एरवी हवा बाहेरून येते, असेही म्हणाल्या. बाहेर कुठून, हे मी विचारले नाही. मला माहीत असेल असे त्यांना वाटले असावे.

आज सकाळी मेकॅनिक दुरुस्ती करून जीपने निघून गेला. मॅडमचे विमान तपासून झाले होते, त्या फोनवर होत्या. माझी पत्नी सत्यभामाबाई ओली हळद घेऊन आली. म्हणाली, "टिळा कुठी लावू हो?" विमानाच्या कुशीला रुपयाएवढी गोल चकती होती. मी म्हणालो, "तिथी लाव, जागाच केली हाय." एकाच बाजूला बरे दिसत नाही म्हणून दुसऱ्या बाजूच्या चकतीवरही मीच लावायला सांगितले.

११.२० वा. विमान उडाले. ढग खाली होते. ११.२६ वा. मी मोबाईलमध्ये काल काढलेला विमानाचा फोटो मोठा करून पाहिला. चकतीच्या मधोमध सुईएवढे भोक होते. दोन्ही मीटरांची हवा तिथूनच, आणि ते हळदीने बुजले होते. आता दोन्ही काटे जमिनीचीच उंची दाखवणार.

मॅडमचा नंबर माझ्याजवळ नव्हता. मेकॅनिकला सहा वेळा लावला, लागला नाही. ११२ वर फोन केला, त्यांनी तालुका विचारला. मी म्हणालो, "बाई आभाळात हाय."

विमानाने गावावर दोन फेऱ्या घेतल्या. आवाज येत होता, दिसत नव्हते. पत्नी म्हणाली, "काऊन वर पाहून राह्यले?" मी सांगितले नाही. मी "खटका ओढ बाई" असे म्हणत होतो, असे शेजारी सांगतात. ११.४१ वा. आवाज डोंगराकडे जाऊन बंद झाला.

मॅडम अकोल्यास दवाखान्यात असून शुद्धीवर नाहीत, हे येथे समजले. खटका ओढलेला होता काय, हे मी तीनदा विचारले. आपण सांगितले नाही.

रिपोर्टात पत्नीचे एकटीचे नाव आहे. हात तिचा, जागा मी दाखवली. तिच्या आधी माझे नाव लिहावे.

जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वेळा माझ्या घड्याळाच्या आहेत. ते बरोबर चालते.